काळाचा तक्ता

जयपूरच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९०१-०२ साली लेफ्टनंट गॅरेट ह्यांच्या देखरेखीखाली झाला. त्या कामी त्यांना साहाय्य करणारे तरुण संस्कृतज्ञ म्हणजे जयपुरातच जन्मलेले आणि तेथील महाराजा महाविद्यालयात शिकलेले चंद्रधर शर्मा गुलेरी. वेधशाळेवरील इंग्रजी ग्रंथ १९०२ साली निघाला, त्यातही त्यांचा हात होता. पुढे १९१५ साली 'उसने कहा था' ह्या कथेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९२० साली कामताप्रसाद गुरूंचे हिंदी व्याकरण तपासण्यासाठी नागरी प्रचारिणी सभेने जी समिती नेमली, तिचेही ते सभासद होते. सावलीवरून मोजायचा काळ आणि क्रियापदाच्या रूपातून कळणारा काळ, अशा दोन्ही काळांशी ह्या एका पंडिताचा संबंध आला. इंग्रजीत ह्या दोन गोष्टींना 'टाइम' आणि 'टेन्स' अशी निराळी नावे आहेत. मराठीत आणि हिंदीत दोहोंना एकच 'काळ'. आपल्याकडील व्याकरणविचाराचा बराचसा घोळ ह्या एका शब्दाभोवती झाला आहे.

इंग्रजीतील नियमित क्रियापद रूपांच्या बाबतीत फार काटकसरी असते. वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग, एवढाच त्याचा संसार. भूतकाळाचा प्रत्यय लिहिताना एकच, मात्र उच्चारात 'ट', 'ड' आणि 'इड' असा तीन तऱ्हांचा. भविष्यकाळासाठी तर प्रत्ययच नाही. तेथे 'शॅल' आणि 'विल' ह्या साहाय्यक क्रियापदांवर काम भागते. असे असूनही लिंडले मरे ह्याने १७९५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात, लॅटिनच्या परंपरेस अनुसरून, सहा काळ मांडले. आजच्या शाळांतला तक्ता त्याहून मोठा : तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा घरे. अर्थात ही बारा घरे बारा प्रत्ययांची नव्हेत. चार रूपे आणि मोजकी साहाय्यक क्रियापदे ह्यांच्या जुळणीने ती भरलेली असतात.

मराठीचे व्याकरण विल्यम कॅरीने १८०५ साली श्रीरामपुरास छापले होते. परंतु मराठी माणसांच्या शिक्षणात रुजले ते दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे १८३६ चे व्याकरण. त्या वेळी दादोबा विशीत होते. नव्या शाळांना पुस्तक हवे होते, आणि मरेच्या व्याकरणाचा साचा हाताशी होता. त्या साच्याने मराठीला शिस्तबद्ध मांडणी दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र मराठी क्रियापद त्या साच्यात पुरते मावत नव्हते. 'त्याने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली' ह्या वाक्यांत क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही. त्याची नजर कर्माच्या लिंगावर असते. 'करीन', 'करील' असा भविष्याचा स्वतंत्र प्रत्यय मराठीजवळ आहे. इंग्रजीजवळ तो नाही. आणि जागचा हललेलाही नसलेला माणूस 'आलोच' म्हणतो, तेव्हा रूप भूतकाळाचे असून घटना अद्याप घडायची असते.

ह्या अडचणीला समर्थ उत्तर दिले मोरो केशव दामले ह्यांनी, १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त. त्यांचा आख्यातविचार रूपापासून निघतो. ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात ही नावे प्रत्ययांवरून आली आहेत. आधी रूप ओळखावे, मग ते कोणकोणत्या अर्थी येते ते पाहावे, असा हा क्रम आहे. त्याचे महत्त्व 'करी' ह्या रूपावरून कळते. आज 'तो रोज व्यायाम करी' म्हटले की भूतकाळातील सवय सूचित होते. 'दाम करी काम' ह्या म्हणीत मात्र तेच रूप वर्तमानाचा जुना अर्थ जपून आहे. रूप तेच राहिले. शतकांच्या ओघात त्याचा काळ पालटला.

दामल्यांचा हा विचार महाराष्ट्रापुरता राहिला नाही. कामताप्रसाद गुरूंनी आपल्या हिंदी व्याकरणाच्या रचनेत दामल्यांचे ऋण मानले आहे. हिंदीतील काळरूपांची गटवारी त्यांनी रूपे कशापासून बनतात ह्यावरून केली : काही धातूपासून, काही वर्तमानकालिक कृदंतापासून, तर काही भूतकालिक कृदंतापासून. गुलेरींच्या समितीपुढे आलेल्या ग्रंथामागे अशी मराठीची पुण्याई होती. जयपूरच्या मुलाला 'कल' हा एकच शब्द कालसाठीही आहे आणि उद्यासाठीही. 'कल आया' आणि 'कल आएगा' ह्यांतील भेद त्याला क्रियापदच सांगते. रूप नीट पारखण्याची सवय त्याच्या भाषेने त्याला आधीच लावलेली असते.

म्हणूनच इंग्रजीचे बारा काळ घोकणाऱ्या मुलाला, मग ते जयपूरचे असो की जळगावचे, हा इतिहास सांगणे अगत्याचे आहे. तक्ता पाठ करण्यात गैर काहीच नाही. पण तो तक्ता म्हणजे प्रत्यक्ष काळाचा नकाशा आहे, आणि त्यात न बसणारी आपली भाषा कुठेतरी उणी आहे, हा समज त्याच्या मनात रुजू देता कामा नये. सूर्याची सावली सर्वत्र एकाच नियमाने सरकते. तिच्याविषयी बोलण्याची रूपे मात्र प्रत्येक भाषेने आपापली घडवली आहेत.