धोट्याचा इतिहास कोण जपणार?

गिरणी जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? धुराडे, दगडी भिंत, की त्या भिंतीआड घडलेला माणसांचा इतिहास?

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापली. तिच्यामागून गिरणगाव उभे राहिले. गाव सोडून आलेला अस्पृश्य माणूसही तेथे आला. यंत्राला जात नसते असे म्हणतात. पण यंत्र चालविणाऱ्यांना ती होती. धोट्यातील कांडी संपली की विणकर नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढी. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, म्हणून सवर्ण कामगारांनी त्याला अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात येऊ दिले नाही. त्याच्या वाट्याला कमी मजुरीचे रिंग खाते आले. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी लावून धरली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच मान्य केली. वर्गलढ्याच्या ऐन मैदानात जात अशी उभी होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर या गिरण्या मोडल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी ठरविला. २००१ मध्ये ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली; शेड पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल उचलून धरला. शेड पाडणे असे फायद्याचे झाले. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे धुराडे आज मॉलच्या आवारात शोभेला उभे आहे. धुराडे राहिले, खाते गेले. आणि खात्याबरोबर त्याच्या दारावरची बंदीही विस्मरणात गेली.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले. तेथे माग मांडले जातील, धोटाही काचेत ठेवला जाईल. पण तो तोंडाला लावण्याचा हक्क कुणाला नव्हता, हे त्या काचेखाली लिहिले जाईल काय? लिहिले नाही, तर ते जतन नव्हे, सोयीचे विस्मरण होय.

हाच प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे. दादरच्या इंदू मिलची जमीन आंबेडकरी जनतेने लढून मिळविली. २०१५ मध्ये तेथे बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. त्या भूमीवरही गिरणीच होती. ज्या महामानवाने धोट्याचा प्रश्न संपाच्या वेशीवर टांगला, त्याच्या स्मारकात त्या धोट्याला आणि रिंग खात्यातल्या कामगाराला जागा नको काय?

वृद्ध गिरणी कामगार अजून आपल्या वस्त्यांत आहेत. दगड जपायला शासन येईल, व्यापारी येईल. या माणसांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम मात्र आपल्या विद्यार्थ्यांनी व कार्यकर्त्यांनीच केले पाहिजे. आणि ते आताच केले पाहिजे.