प्रमाणवेळांचे रूपांतर

प्रमाणवेळांचे रूपांतर : एका ठिकाणच्या घड्याळात जी वेळ आहे, त्याच क्षणी दूरदेशी किती वाजले आहेत आणि तारीख कोणती आहे, हे काढण्याची रीत. तारीख हा या रीतीचा अर्धा भाग आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

नांदेड व लातूर येथे 82.5° पूर्व रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ चालते. ब्रिटिश हिंदुस्थानात ती 1 जानेवारी 1906 रोजी सुरू झाली. जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, ती साडेपाच तास पुढे आहे. दोन्ही शहरे त्या रेखांशाच्या पश्चिमेला असल्याने सूर्य माथ्यावर यायला नांदेडला सरासरी 12.21, तर लातूरला 12.24 वाजतात.

तारखेचे महत्त्व किल्लारीच्या भूकंपाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली आणि 30 तारखेच्या पहाटे 3.56 वाजण्याच्या बेतात धरणी हादरली. सुमारे 10 हजार माणसे गेली. मराठवाड्यात या दिवसाची आठवण 30 सप्टेंबरलाच केली जाते, पण जगभरच्या भूकंपनोंदींत हाच धक्का 29 सप्टेंबर, 22.25 यूटीसी असा सापडतो. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. देशोदेशींच्या केंद्रांवरचे आलेख एकमेकांशी जुळवायचे, तर सर्वांनी एकच घड्याळ धरावे लागते, म्हणून भूकंपशास्त्रज्ञ यूटीसी वापरतात. नोंदीपुढे प्रमाणवेळ लिहिलेली नसेल, तर मात्र एकाच आपत्तीचे दोन दिवस होतात.

हिशेब सोपा आहे. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून यूटीसी काढायची, मग समोरच्या शहराचा फरक तीत मिळवायचा किंवा वजा करायचा. हिवाळ्यात लंडनची वेळ यूटीसीइतकीच असते. तेव्हा काट्यांचे घड्याळ उलटे धरले की लंडनची वेळ अंदाजाने वाचता येते. दुपारी बाराला दोन्ही काटे खाली येतात, आणि तिकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात.

खरी अडचण उन्हाळी वेळेची. भारतात ती पाळत नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन व युरोपात हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा लंडन-शिकागो अंतर नेहमीच्या सहाऐवजी पाच तासांचे राहते. लातूर, लंडन आणि शिकागो अशी तिघांची बैठक असेल, तर याच आठवड्यांत कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतो. लातूरला संध्याकाळी 7.30 ही सोयीची वेळ : हिवाळ्यात लंडनला दुपारचे 2 आणि शिकागोला सकाळचे 8, उन्हाळ्यात दोन्हीकडे एक तास जास्त.

सोयाबीनच्या बाजारात हा फरक ऐन हंगामात जाणवतो. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ, आणि सोयाबीनच्या जागतिक भावाची दिशा शिकागोच्या वायद्यांवरून, व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘सीबॉट’वरून, पाहिली जाते. तिथले दिवसाचे सत्र स्थानिक वेळेनुसार सकाळी 8.30 ला सुरू होऊन दुपारी 1.20 ला संपते. ऑक्टोबरात आवक वाढू लागते तेव्हा ते आपल्याकडे संध्याकाळी 7 ला उघडते आणि रात्री 11.50 ला बंद होते. नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की उघडण्याची वेळ 8 आणि बंद होण्याची मध्यरात्रीनंतर 12.50. म्हणजे तिकडच्या सोमवारचा बंद भाव आपल्याकडे मंगळवारच्या तारखेत पडतो. सकाळी सौद्याला निघताना ‘कालचा भाव’ म्हणण्याऐवजी शिकागोची तारीख सांगणे अधिक सुरक्षित.

दर आठवड्याची बैठक असेल, तर निमंत्रणात तासांचा फरक लिहू नये, तो बदलतो. कोणत्या शहराची वेळ कायम धरायची, हे आधी ठरवून त्याचे नाव द्यावे. संगणकाच्या यादीत नांदेड किंवा लातूर सापडत नाही. तिथे ‘एशिया/कोलकाता’ निवडावे.