भाड्याचे बंगले आणि सावित्रीचें पाणी

आमच्या महाड-पोलादपूरच्या पूर्वेस सह्याद्रीची जी भिंत उभी आहे, तिच्या माथ्यावर महाबळेश्वर आहे. आमची सावित्री तेथेंच उगम पावते, आणि पोलादपूर व महाड यांवरून वाहत बाणकोटास समुद्राला मिळते. तिच्या उगमापाशीं जवळजवळ २०० वर्षें लोक हवा पालटण्यासाठीं बंगले भाड्यानें घेत आले आहेत. त्या बंगल्यांच्या घडणीविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

१८२४ सालीं लॉडविक नांवाचा लष्करी अधिकारी या पठारावर चढला. पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२९ मध्यें सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून, खंडाळा गांवाच्या बदल्यांत, ही जागा मिळवून वसाहत वसविली. तीच माल्कमपेठ. मुंबईचा साहेब तेव्हां बाणकोटच्या खाडींतून दासगांव-महाडाकडे येई, आणि पोलादपूर, पार यांवरून पालखींत बसून रडतोंडीचा घाट चढे. रडण्याची पाळी अर्थातच पालखीखालच्या भोयांची! इंग्रजांनीं त्या नांवाचें 'रोटंडा' करून टाकलें. १८७६ सालीं आंबेनळीचा घाट झाला, तेव्हां आमच्या बाजूनें गाड्या वर जाऊं लागल्या.

पठारावर जांभा दगड मुबलक. त्याच्या जाड भिंती, उंच जोतें, रुंद व्हरांडा, आणि उतरतें छप्पर. तें आधीं गवताचें, पुढें कौलांचें वा पत्र्याचें. मध्यें दिवाणखाना, दोहों बाजूंस निजावयाच्या खोल्या. स्वयंपाकघर मात्र मुख्य इमारतीपासून वेगळें, म्हणजे धूर व फोडणीचा वास आंत येऊं नये. दिवाणखान्याच्या भिंतींत विलायती धर्तीची शेकोटी असे. एप्रिलांत तिची गरज ती किती? साहेबास घरची आठवण व्हावी एवढाच तिचा उपयोग, असें मी पुष्कळ दिवस समजत होतों.

तरुणपणीं मुलांची सहल घेऊन गेलों असतां एका जुन्या बंगल्याच्या माळ्यानें माझा हा समज दूर केला. बंगले भाड्यानें जात ते उन्हाळ्यांत आणि दिवाळीच्या सुमारास. पाऊस तेथें वर्षाला २०० इंचांहून अधिक. त्या चार महिन्यांत बंगल्यांत राहणार कोण? मृगापूर्वीं बाहेरच्या भिंती गवताच्या जाड पडद्यांनीं झांकीत. गाद्या आणि पुस्तकें पेट्यांत जात, वेताच्या खुर्च्या भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध रचल्या जात, आणि माळी रोज त्या शेकोटींत लांकडें पेटवी. बुरशी आटोक्यांत राही ती त्या उबेनें. म्हातारा म्हणाला, "पावनं मजेला जाळत्यात, आमी घर जगवाय जाळतो."

पोलादपूरकडील कुडाच्या घरांत हीच गोष्ट आपोआप होत असे. चुलीचा धूर माळ्यावरून छपरांत शिरे; वांसे कोरडे राहत, कीड दूर राही. धूर नको म्हणून बंगलेवाल्यानें चूल बाहेर काढली, आणि मग घर कोरडें ठेवण्यासाठीं दुसरा अग्नि आंत पेटवावा लागला!

भाडेकऱ्यानें तो पाऊस सहसा पाहिला नाहीं. आम्ही खालचे लोक पाहत आलों आहोंत. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरास ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री महाडच्या बाजारपेठेंत शिरली. त्याच दिवशीं तळिये येथें दरड कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें आणि सुतारवाडी येथेंहि माणसें दगावलीं. आंबेनळीचा रस्ता दरडींनीं बंद पडला.

आतां पावसाळ्यांतहि पाहुणे जातात, आणि त्यांच्यासाठीं डोंगराचा उतार कापून सपाट गच्चीचे, कांचेच्या भिंतींचे बंगले उठत आहेत. मागच्या श्रावणांत जांवयांनीं आग्रहानें अशा एका बंगल्यांत दोन दिवस नेलें. दिवाणखान्यांत शेकोटी होती. जवळ जाऊन हात शेकूं लागलों, तों तिच्यांत नुसता तांबडा विजेचा दिवा; आणि वरच्या भिंतीवर छतापर्यंत बुरशी चढलेली.