गाडीने निघताना: आदिलाबादहून हैदराबाद, नागपूर आणि नाशिकच्या वाटेवरील ब्रुअरी, वाईनरी आणि बाटलीचे दुकान

लग्नसराई, उन्हाळी सुट्टी आणि दिवाळी या तीन काळांत आपल्या सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो. नागपूरला किंवा हैदराबादला गाडीने चाललो आहोत, वाटेत चांगली बिअर कुठे मिळेल आणि सोबत दोन बाटल्या नेल्या तर चालतील का? प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तरही बहुतेकदा अर्धवटच मिळते. आपल्यातले बरेच जण दारूला स्पर्श करत नाहीत. वारकरी घरे आहेत, महानुभाव घरे आहेत. हा लेख त्यांच्यावर काही लादण्यासाठी नाही. पण ज्या गाडीत काका-काकू, मुले आणि बाटली एकत्र प्रवास करतात, त्या गाडीतल्या सर्वांनाच कायदा ठाऊक असलेला बरा. गाडी अडवली गेली तर ती सगळ्यांचीच अडते.

आपले गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. दक्षिणेला निर्मल, आर्मूर, कामारेड्डीवरून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, उत्तरेला पांढरकवडा, हिंगणघाटवरून नागपूर सुमारे २००. पैनगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलते आणि दारूचा कायदाही पूर्ण बदलतो. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, त्यामुळे मनाने आपण ही सीमा फारशी मानत नाही. सोयरीक दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. उत्पादन शुल्क खाते मात्र ती फार काटेकोरपणे मानते.

नागपूरची वाट: मधला कोरडा जिल्हा

सर्वात महत्त्वाची गोष्ट आधी. आदिलाबाद ते नागपूर या वाटेत वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे १९७४ पासून दारूबंदी आहे. पिंपळखुटी, पाटणबोरी, पांढरकवडा, वडकी हा भाग यवतमाळ जिल्ह्यात येतो. तिथे वाईन शॉप, बिअर शॉपी, परमिट रूम सगळे आहे. वर्धा नदीचा पूल ओलांडला की वडनेर, हिंगणघाट, जाम ही सुमारे तासाभराची वाट पूर्ण कोरडी. बुटीबोरीच्या अलीकडे नागपूर जिल्हा लागतो आणि पाट्या पुन्हा दिसू लागतात.

गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, विनोबांचा आश्रम पवनारला, म्हणून हा जिल्हा दारूमुक्त ठेवायचा ही त्यामागची भूमिका. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तीही लोकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपूरचा इतिहास अधिक वळणाचा आहे. श्रमिक एल्गार आणि गावोगावच्या बायकांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. आपल्याकडे अजून अनेकांच्या डोक्यात चंद्रपूर कोरडे आणि वर्धा मोकळे असे उलटे चित्र आहे. ते दुरुस्त करून घ्यावे. आज राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर मोकळे आहेत. वर्धा आणि गडचिरोली बंद आहेत.

म्हणजे आदिलाबादेत घेतलेली बाटली डिकीत ठेवून नागपूरला नेणाऱ्या माणसापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली पैनगंगेवर: तेलंगणात कर भरलेली दारू महाराष्ट्रात विनापरवाना नेणे हा गुन्हा आहे, कारण महाराष्ट्राचे शुल्क तिच्यावर भरलेले नसते. दुसरी वर्धा नदीवर: तिथे बाटली कोणत्या राज्याची याला महत्त्वच उरत नाही. 'सील फोडलेले नाही, आम्ही फक्त पुढे चाललो आहोत' हे म्हणणे रस्त्यावर कोणी ऐकून घेत नाही. नागपुरातून काढलेला पिण्याचा परवाना दाखवून वर्ध्यात सुटका होईल, असेही समजू नये. बाटली जप्त झाली तर फार तर हजार-दोन हजारांचे नुकसान. पण दारूबंदी कायद्याखाली वाहनही जप्त होऊ शकते. वऱ्हाडाची गाडी असेल तर काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

उलट दिशेलाही हेच लागू आहे. महाराष्ट्रातली देशी दारू स्वस्त म्हणून ती पैनगंगेच्या अलीकडे आणण्याचा धंदा जुना आहे आणि आपल्या जिल्ह्यातील अबकारी खाते त्यावर सतत नजर ठेवून असते. मामाने प्रेमाने दिलेली एक बाटली आणि धंदेवाल्याची पेटी यांत कायदा फरक करतो तो शिक्षेपुरता; अडवताना करत नाही.

म्हणून आमचा सल्ला साधा आहे. जिथे मुक्काम, तिथेच खरेदी. पैनगंगा कोणत्याही दिशेने बाटलीशिवाय ओलांडावी. नागपुरात वाईन शॉप भरपूर आहेत आणि तिथे पोहोचेपर्यंत वाटेत हिंगणघाटला चहा चांगला मिळतो.

महाराष्ट्रात आणखी दोन गोष्टी आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत. तिथे मद्य विकत घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो आणि एक दिवसाचा दुकानातही मिळतो. बहुतेक लोक तो मागत नाहीत, पण मागून घ्यावा. दुसरी गोष्ट वयाची. तेलंगणात सरसकट २१ वर्षे. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला २१, पण व्हिस्की-रमसाठी २५. आदिलाबादेत कायद्याने ग्राहक असलेला २३ वर्षांचा भाचा नागपुरात व्हिस्कीच्या बाबतीत ग्राहक नसतो.

शब्दांचाही घोळ होतो. महाराष्ट्रात 'परमिट रूम' म्हणजे बार, बसून जेवायची जागा. आपल्याकडे 'वाईन्स' असे लिहिलेल्या दुकानाला लागून असलेली, उभ्याने पिण्याची खोली म्हणजे परमिट रूम. नागपूरच्या पाहुण्याला आपल्या परमिट रूममध्ये जेवायला पाठवू नये. आणि आपल्याकडच्या 'वाईन्स'मध्ये वाईन शोधत बसणेही व्यर्थ. एखाद-दुसरी बाटली मागच्या फळीवर धूळ खात असते.

दुकान रस्त्यावर का दिसत नाही

महामार्गावर पूर्वी जागोजागी दिसणारी दुकाने आता आतल्या गल्लीत गेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढे २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केले गेले आणि नगरपालिका हद्दीतील दुकानांना सवलत मिळाली. त्यामुळे निर्मल, कामारेड्डी अशा शहरांत दुकान रस्त्याजवळ सापडेल. मधल्या खेड्यात ते आत असेल. खेड्यातल्या किराणा दुकानामागे जे मिळते ते 'बेल्ट शॉप'. ते बेकायदा, महाग आणि आत काय भरले आहे याची खात्री नसलेले. तिथे थांबू नये.

तेलंगणात घाऊक खरेदी राज्य सरकारचे महामंडळच करते आणि दुकानदार त्याच्याकडूनच माल उचलतो. त्यामुळे नागपुरात मिळणारी एखाद्या छोट्या कंपनीची क्राफ्ट बिअर आदिलाबादेत मिळेलच असे नाही. महामंडळाच्या यादीत नसेल तर ती दुकानात नसते. जानेवारी २०२५ मध्ये तर किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजने दर आणि थकबाकीच्या वादातून तेलंगणाचा पुरवठाच काही दिवस थांबवला होता. तेव्हा ठराविक ब्रँडचा हट्ट धरून प्रवासाचा बेत आखू नये.

हैदराबाद: ताज्या बिअरसाठी

क्राफ्ट बिअर, म्हणजे त्याच जागी लहान टाक्यांत तयार करून नळातून दिलेली बिअर, प्यायची असेल तर आपल्याकडचे बहुतेक जण हैदराबादच गाठतात. आपल्या मराठी मुलखात ही चाल पुण्याने रुळवली. २००९ साली तिथे 'डूलाली' सुरू झाली. हैदराबादेत मायक्रोब्रुअऱ्या त्यानंतर काही वर्षांनी आल्या. ज्युबिली हिल्स भागातल्या 'प्रोस्ट' आणि 'झिरो४०' या त्यांतल्या परिचित. झिरो४० हे नाव शहराच्या ०४० या दूरध्वनी क्रमांकावरून.

ही बिअर बहुधा गाळलेली नसते, तिच्यात टिकवण्याची द्रव्ये घातलेली नसतात, म्हणून ती गढूळ दिसते. खराब आहे म्हणून ग्लास परत करू नये. गव्हाची जर्मन पद्धतीची हेफेवायझेन घेतली तर केळे आणि लवंगेसारखा वास येतो. तो यीस्टमुळे येतो, कोणी केळे घातलेले नसते. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे खरेच घालतात. स्टाउट काळी, भाजलेल्या कॉफीच्या चवीची. पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठा पिचर मागवण्याऐवजी चार-पाच छोट्या ग्लासांचा नमुना संच मागवावा. दोघांत एक पुरतो. ज्येष्ठांना सहसा गव्हाची आवडते, स्टाउटला 'काढा' म्हणणारे आमच्यातही आहेत. ताजी बिअर घरी नेण्यासाठी नसते. उष्णतेत काही तासांत तिची चव जाते आणि मे महिन्यात निर्मलच्या घाटापर्यंतसुद्धा ती टिकणार नाही.

या थांब्याचे नियोजन मुक्कामाला धरूनच करावे. ३०० किलोमीटर चालवून आल्यावर आधी खोलीवर जावे, गाडी लावावी, मग टॅक्सीने जावे. हैदराबाद पोलिसांच्या रात्रीच्या तपासण्या, विशेषतः शनिवार-रविवारी, प्रसिद्ध आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी १५,००० रुपये आणि दोन वर्षांपर्यंत. 'एकच ग्लास' हे मोजमाप यंत्राला कळत नाही. ज्याने रात्री उशिरापर्यंत घेतली आहे त्याने पहाटे पाचला परतीचे चाकही धरू नये. झोप झाली म्हणजे रक्त साफ झाले असे होत नाही. गाडी चालवणारा कोण हे घरातून निघतानाच ठरवावे, आणि तो भाऊजी असला तरी त्याला आग्रह करू नये. आपल्याकडे आग्रहाची सवय वाईट आहे.

नाशिकची वाट

हा बेत चार-पाच दिवसांचा. नांदेड, छत्रपती संभाजीनगरवरून नाशिक गाठले तर वर्धा जिल्हा टळतो. नागपूरवरून समृद्धी महामार्ग घेतला तर तो पुन्हा वाटेत येतो, कारण समृद्धीही वर्ध्यातून जाते. संभाजीनगरजवळ वाळूज आणि चिकलठाणा भागात बिअरचे मोठे कारखाने आहेत. ते पाहण्याची जागा नव्हेत, पण २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांचे पाणी कमी करायला लावले होते, हे तिथून जाताना आठवावे. त्याच वर्षी लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते.

नाशिकला राजीव सामंत यांनी उभारलेली 'सुला' गंगापूर धरणाजवळ आहे. २००० साली तिची पहिली वाईन आली. शेजारी 'सोमा' आणि 'यॉर्क', इगतपुरीकडे 'व्हॅलोने'. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ, तेव्हा गेल्यास काम चालू असलेले दिसते. न पिणाऱ्यांनाही वाईनरीची फेरी आवडते. आमच्या मते कुटुंबासाठी ब्रुअरीपेक्षा ती बरी, कारण मळा आहे, मोकळी हवा आहे. इथली बाटली परत आदिलाबादला आणायचा मोह होतो. पैनगंगेचा नियम वाईनलाही लागू आहे.

कोरडे दिवस आधी पाहून घ्यावेत. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर दोन्ही राज्यांत. महाराष्ट्रात आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशीलाही दुकाने बंद असतात. मतदानाआधीचे ४८ तास सगळे बंद, आणि शेजारच्या राज्यात मतदान असले तरी सीमेलगतची दुकाने बंद ठेवली जातात. किनवटवरून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचे असेल तर हा सगळा विषय घरीच ठेवावा.

मोह, ताडी आणि नीरा

बाहेरून येणारे पाहुणे 'इथली खास' म्हणून मोहाची मागतात. गोंड बांधवांच्या पूजाविधींत मोहाच्या दारूला मानाचे स्थान आहे, पण तो त्यांचा विधी आहे, आपल्या सहलीचा थांबा नव्हे. आणि हातभट्टीची विक्री, इथे जिला गुडुंबा म्हणतात तिच्यासह, बेकायदा आहे. पाहुण्यांना मोहाची चव दाखवायचीच असेल तर उटनूरला आदिवासी महिला मोहफुलांचे, म्हणजे तेलुगूतल्या इप्पपुव्वाचे, लाडू करतात. ते घ्यावेत. मोहाची कायदेशीर बाटली हवी असेल तर पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने 'सिक्स ब्रदर्स महुरा' बाजारात आणली आहे. किंमत मात्र मोहाची नव्हे, विलायती दारूची आहे.

ताडी आणि शिंदी परवानाधारक कल्लू कंपाउंडमध्ये मिळते. झाडावरून उतरवलेली खरी असेल तर उत्तम, पण पावडर मिसळलेली विकली जाते हे उघड गुपित आहे. अल्प्राझोलाम, क्लोरल हायड्रेट अशी झोपेची औषधे त्यात सापडतात. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात अशा ताडीने काही जणांचे प्राण गेले. म्हणून शहरातल्या कंपाउंडपेक्षा, ओळखीच्या गौडाकडून झाडाखालीच, आणि तीही सकाळी.

मुलांना आणि न पिणाऱ्यांना सोबत घ्यायचे असेल तर हैदराबादेत हुसेनसागराकाठी नेकलेस रोडवर २०२३ पासून सरकारी नीरा कॅफे आहे. नीरा म्हणजे न आंबलेला ताडाचा रस, गोड आणि थंड. ती थंडाव्यातच टिकते. गाडीत ठेवली तर दुपारपर्यंत तिची ताडी होते. म्हणून तिथेच बसून प्यावी, बाटली भरून परतीच्या प्रवासाला घेऊ नये.