किशोरवयीनांची देहप्रतिमा आणि दूरचित्रवाणी: दिल्लीतील तक्रारीपासून मोबाइलपर्यंत

आपला बांधा, उंची आणि वर्ण यांविषयी मनात तयार झालेल्या चित्रास देहप्रतिमा असे म्हणतात. पौगंडावस्थेत शरीर झपाट्याने बदलत असते, समवयस्कांच्या मतालाही मोठे महत्त्व येते. त्यामुळे पडद्यावरील चेहऱ्यांशी तुलना करण्याची सवय याच वयात जडते.

माध्यमांचा परिणाम मोजणे अवघड असते, कारण माध्यमे नसलेला समाज तुलनेसाठी सापडत नाही. फिजीतील नाद्रोगा प्रांतात मात्र अशी संधी मिळाली. तेथे 1995 मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटविण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण 11 टक्क्यांवर गेले होते. धष्टपुष्ट शरीराचे कौतुक करणाऱ्या समाजात हे घडले.

भारतात बांध्याच्या जोडीला वर्णाचा प्रश्न आहे. विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ ही जोडगोळी दूरचित्रवाणी येण्यापूर्वीपासून छापली जात होती. दूरचित्रवाणीने तिला चालते-बोलते रूप दिले. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम 1975 मध्ये बाजारात आले होते. त्याच्या एका गाजलेल्या जाहिरातीत, मुलगा असता तर बरे झाले असते, अशी खंत वडील व्यक्त करतात. सावळी मुलगी ते ऐकते, मलम लावते, उजळते आणि हवाईसुंदरीची नोकरी मिळविते. घराची अडचण मुलीच्या कातडीत आहे, असाच त्याचा सरळ अर्थ होता.

दिल्लीत मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने वृंदा करात सरचिटणीस असताना, 2002 मध्ये या जाहिरातींना आक्षेप घेतला. त्या वर्णभेदी, मुलग्याची हाव जोपासणाऱ्या आणि नोकरदार स्त्रियांचा अवमान करणाऱ्या आहेत, असे संघटनेचे म्हणणे होते. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे व पुढे माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे गेले. 2003 मध्ये अशा दोन जाहिराती बंद झाल्या. मलमाची विक्री अर्थातच थांबली नाही. उलट 2005 मध्ये मुलग्यांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आले.

जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये नियम केला की, सावळ्या व्यक्तीस दुःखी, अनाकर्षक वा नोकरी-विवाहात मागे पडलेली दाखवू नये. दिल्लीत वाढलेल्या अभिनेत्री नंदिता दास 2013 पासून वर्णभेदाविरुद्धच्या मोहिमेत सहभागी झाल्या होत्या. 2020 मध्ये कंपनीने नावातील ‘फेअर’ वगळून ‘ग्लो’ केले.

या लढ्यात जाहिरातदार कोण हे ठाऊक होते आणि तक्रार कोठे करायची हेही. मोबाइलने ती सोय हिरावून घेतली. इन्स्टाग्राममुळे तीनपैकी एका किशोरवयीन मुलीची शरीराविषयीची नाराजी वाढते, अशी नोंद कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत होती, हे 2021 मध्ये उघड झाले. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून दाखविलेल्या जाहिरातींना मनाई करण्याची तरतूद आहे. मात्र नोएडातील एखाद्या विद्यार्थिनीसमोर येणारे, फिल्टर लावून नाक निमुळते व रंग उजळ केलेले वर्गमैत्रिणीचे छायाचित्र जाहिरात या व्याख्येतच बसत नाही.