तडा कधीचा?

निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावात, काळ्या जमिनीवर बांधलेल्या घराच्या भिंतीला तडा दिसला की आपण विचारतो, “हा कधीचा?” उत्तर बहुधा मिळत नाही. तडा किती रुंद आहे याहूनही तो वाढतो आहे का, हे महत्त्वाचे. त्यासाठी जुनी नोंद हवी. बाहेरच्या भिंतींच्या तपासणीचा इतिहास हा अशा नोंदींचाच इतिहास आहे.

१८५८ साली जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापे घेताना अल्ब्रेख्त मेडेनबाउअर हा तरुण वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर न चढता तिच्या छायाचित्रांवरूनच मापे घेता येतील का, असे त्याच्या मनात आले. दोन जागांवरून छायाचित्रे घेतली, तर त्रिकोणमितीने भिंतीवरच्या बिंदूचे स्थान काढता येते. १८८५ साली या कामासाठी बर्लिनमध्ये सरकारी संस्था निघाली.

नोंद ठेवली तरी ती वेळोवेळी ताडून पाहावी लागते. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये इमारतीचा तुकडा अंगावर पडून एक विद्यार्थिनी दगावली. पुढच्याच वर्षी तेथे उंच इमारतींच्या दर्शनी भिंतींची ठरावीक काळाने तपासणी कायद्याने सक्तीची झाली. आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलच्या इमारतीत १८९६ साली ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली होती. २००५ साली तिचाच दर्शनी भाग कोसळून एकाचा जीव गेला.

आता लेसर किरणांनी किंवा ड्रोनच्या छायाचित्रांवरून भिंतीवरचे लाखो बिंदू मोजून संगणकावर इमारतीचे त्रिमिती प्रतिरूप करतात. प्रत्येक तडा, ओल, डागडुजी त्यावर जागच्या जागी तारखेसह नोंदवतात. पुढच्या वेळी दोन प्रतिरूपे ताडली, की भिंत कोठे फुगली आणि परांची आधी कोठे बांधायची, हे कळते. मात्र गिलाव्यामागची पोकळी अशा छायाचित्रात दिसतेच असे नाही. तेथे अजूनही हातोडीने हलके ठोकून पाहतात. घट्ट गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द.

शाळेत संगणक नसला तरी हे तत्त्व वापरता येते. हाताच्या उंचीवरच्या एखाद्या बारीक तड्याच्या दोन्ही बाजूंना शिक्षकांनी पेन्सिलीने खुणा कराव्यात. मुलांनी त्यांच्यातील अंतर दरमहा तारखेसह वहीत लिहावे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून अंतर थोडे कमीजास्त होईल. पण ते वाढतच राहिले, तर मुलांना भिंतीपासून दूर ठेवून वही अभियंत्याला दाखवावी. “कधीचा?” या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत असेल.