एच-४४ : तिसरी खेप

५ ऑगस्ट २००८. उत्तर कॅलिफोर्नियातलं शास्ता-ट्रिनिटीचं जंगल जूनमधल्या विजांनी पेटलं, ते अजून धुमसतंय. ट्रिनिटी हेलिबेसवर कार्सन हेलिकॉप्टर्स कंपनीचं सिकॉर्स्की एस-६१एन तयार आहे. किती वजन उचलता येईल, याचं गणित वैमानिकाने मांडलंय : उंची सहा हजार फूट, तापमान ३२ अंश. आकडेमोड ठीक आहे, खोट कंपनीने हाती दिलेल्या कागदांत आहे. हेलिकॉप्टरचं रिकामं वजन हजार पौंडांहून अधिक कमी दाखवलंय. इंजिनाच्या ताकदीचा तक्ताही बदललाय. संकटात फक्त अडीच मिनिटं वापरायची ताकद त्यात नेहमीच्या उड्डाणाची म्हणून घातली आहे. खरं तर त्या संध्याकाळच्या अपघाताची पहिली नोंद त्या दिवसाच्या कितीतरी आधीची धरायला हवी.

दुपार. हवामान खात्याचा अंदाज विजांचा. डोंगरमाथ्यावर आग विझवणाऱ्या तुकड्यांना खाली आणायचं ठरतं. उचलायची जागा एच-४४ : सुमारे सहा हजार फुटांवर झाडं तोडून केलेली मोकळी जागा, भोवती रान.

इथे वाऱ्याचा प्रश्न येतो. पंख्याला समोरून वारा मिळाला की तेवढ्याच ताकदीत जास्त वजन उचललं जातं. पंधरा-वीस नॉटचा वेग आला की हेलिकॉप्टर जणू हलकंच होतं. म्हणून लादलेलं यंत्र वाऱ्याकडे तोंड करून, थोडं धावून, वेग घेऊन वर न्यावं, हा साधा शहाणपणा. झाडांनी वेढलेल्या जागेत ती धाव मिळत नाही. वाराही नसेल, तर सगळा भार इंजिनावर. शिवाय जमिनीलगत खालच्या हवेचा टेकू मिळतो, तो उंची घेताना सुटतो. जमिनीपासून हातभर वर स्थिर उभं राहता आलं म्हणजे झाडांवरून जाता येईल, असं नाही.

संध्याकाळी सहानंतर. पहिली खेप, मग दुसरी. दोन्ही सुखरूप. पण दोन्ही वेळा उड्डाणात इंजिनं क्षमतेच्या टोकाला टेकली होती. खोट्या तक्त्याप्रमाणे ताकद शिल्लक राहायला हवी होती. यंत्राने कागदाशी असहमती दाखवली, तीही दोनदा. वैमानिकांना टोकावर उडवायची सवयच झाली होती, असं पुढे चौकशीने नोंदवलं. मला तो शब्द सगळ्यात जड वाटतो. सवय.

सातच्या सुमारास. हेलिबेसवर परत, इंधन भरणं. हवा गार होतेय, म्हणजे दाट होतेय. गणित ३२ अंशांचं होतं, तेव्हा आता हातात जास्तीचं माप आहे असं कोणालाही वाटेल. पण भरलेल्या इंधनाचं ओझंही सोबत आहे.

साडेसातनंतर. हेलिकॉप्टर तिसऱ्यांदा एच-४४ वर उतरतं. दहा जवान चढतात. दोन वैमानिक आणि अमेरिकी वन सेवेचा एक निरीक्षक धरून आत १३ जण. एकूण वजन १९,००८ पौंड. खरे आकडे धरून वन सेवेच्या निकषांप्रमाणे चालणारं वजन १५,८४० पौंड.

७ वाजून ४१ मिनिटं. उड्डाण. इंजिनं पुन्हा टोकाला. आता कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा दांडा, आणखी ओढला, तर पात्यांना जास्त हवा कापावी लागते, त्यांचे फेरे घटतात, आणि फेरे घटले की उचलणंही घटतं. हेलिकॉप्टर जेमतेम पुढे सरकतं, झाडांना धडकतं, उतारावर कोसळतं, पेट घेतं. नऊ जण गेले, चार वाचले. वाचलेल्यांत सहवैमानिक होता.

डिसेंबर २०१०. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य दोष कंपनीच्या बनावट आकड्यांना दिला, आणि ते न तपासणाऱ्या वन सेवेला व हवाई प्रशासनालाही. जून २०१५ मध्ये कंपनीच्या माजी उपाध्यक्षाला साडेबारा वर्षांहून अधिक कैद झाली, देखभाल प्रमुखाला २५ महिने.